चौथं चाक

चाकं आहेत की गाडीला, आई म्हणाली.
आहेत. लोखंडी, काळी, चौदा इंची,
वर प्लास्टिकच्या थाळ्या,
त्यातली एक कात्रजच्या घाटात
मला न सांगता निवृत्त झाली.

गाडी माझ्याकडे आली तीच बसलेली.
आधीच्या मालकाने हौसेनं स्प्रिंगा कापल्या,
मग लग्न केलं, मग विकली.
दोन दारं, लाल रंग,
आणि पोटाखाली एवढीच जागा
की सोसायटीचा गतिरोधक मी तिरकी होऊन चढते,
निऱ्या सावरत ओढा ओलांडावा तशी.

अठ्ठावीस हजार. बोनस, अधिक भिशी.
यात टायरही आले.

नाना पेठेत मुर्तझाभाईंकडे
चाकं छतापर्यंत टांगलेली,
तांबट आळीत पराती टांगतात तशी.
सतरा घ्या ताई, अठरा घ्या, पोरं काय नेतात बघा.
त्यावर रबर पापडाएवढं.
पापड घेऊन सिंहगड रोडला जायचं
आणि पाणी भरलेल्या खड्ड्याला विचारायचं,
खोल आहेस का रे?

मी भोसरीत दिवसभर दुसऱ्यांचे मायक्रॉन मोजते.
पर्समध्ये कंगव्याशेजारी व्हर्नियर असतो.
तो काढल्यावर भाईंनी चहा मागवला.

पाच नट. एकशे चौदा पूर्णांक तीन.
मधलं भोक मोठं, रिंग घालावी लागेल.
ऑफसेट पस्तीस,
म्हणजे चाक किती आत, किती बाहेर,
वळताना कोण कुणाला घासणार.
माणसांच्याही पाठीमागे हा आकडा कोरलेला असता तर.
हे मनात आलं आणि तिथेच ठेवलं,
चहा निवत होता.

नवं, चकचकीत एक उचलून पाहिलं. जड.
काठाशी बारीक बुडबुडा,
ओतताना अडकलेला कुणाचा तरी श्वास.
असा पीस मी लाल शाई लावून परत पाठवते,
आणि तो कुठे जातो, आज कळलं.

मग मागच्या पोत्यांखालून निघाली
सोळा इंची, जपानी, मळकट, करडी,
एका हातात मावणारं वजन.
मशीनवर फिरवलं:
भोवरा गुंग व्हावा तसं, हललं म्हणून नाही.
दुसरं. तिसरं.

चौथं?

चौथं आलंच नाही, भाई म्हणाले.
का, ते विचारू नका.

बावीस. सोळा.
भाईंनी वर पाहिलं, जिथे आभाळ नव्हतं, चाकंच होती.
अठरा.
उरलेल्यात तीन टायर,
जुने, पण नक्षी अजून बोटाला लागणारी.

तर मागचं डावं चाक लोखंडीच राहिलं.
उंची पाच मिलिमीटरच्या आत जुळते, मी मोजली आहे.
पार्किंगमध्ये डावी बाजू भिंतीला लावते.
लोक उजवीकडून येतात, मान डोलावतात, जातात.
शेंडे म्हणाला, सेट झकास आहे.
मी सेट या शब्दाला काही बोलले नाही.

मुर्तझाभाईंना दर शनिवारी फोन.
नाही आलं ताई.

एका रात्री वॉचमन बिराजदार बॅटरी घेऊन
भिंत आणि गाडी यांच्यामधून आडवे सरकत गेले,
वाकले, पाहिलं, तसेच परत आले.
एक अक्षर नाही.

दुसऱ्या दिवसापासून
गतिरोधकाच्या कडेच्या दोन विटा
मी निघायच्या वेळेला बाजूला केलेल्या असतात,
बरोबर एका चाकाएवढी वाट.
डाव्या अंगाला.