शब्दशः

घरगुती चौकशी म्हणतात तिला.
घरातलं कुणी नव्हतं.
खवणेकर वकील, चौकशी अधिकारी, फी कंपनीची;
नाबर मॅनेजर; साक्षीला आनामारी फर्नांडिस;
आणि मी, टाइमकीपर,
मराठी टायपिंग येतं म्हणून बसवलेला.
उभादांड्याची फॅक्टरी, दुपारचे अडीच,
खिडकीतून भट्टीचा वास, टरफलं जळल्याचा,
जो माझ्या शर्टातून रविवारीही जात नाही.

आरोप क्रमांक एक:
प्रयागा आरोलकर, फोडणी विभाग, तिकीट नंबर एकशे बारा,
यांनी कामाच्या वेळेत
राजकीय स्वरूपाचे वक्तव्य केले.

"कोणतं वक्तव्य?" वकिलांनी विचारलं.
आरोप मोघम चालत नाही, तसा नियमच आहे.
नाबर खाकरले. "ते शेठच्या मेव्हण्याबद्दल,
झेडपीला उभे आहेत ना, त्यांच्या प्रचाराला बायका न्यायच्या होत्या..."
"शब्द सांगा."
नाबर भिंतीकडे बघत पुटपुटले,
"काजी तुमची, हात माजे, मत माजा."
"मोठ्याने. याला ऐकू यायला हवं."
तीनदा म्हणावं लागलं त्यांना.
तिसऱ्यांदा तर चालसुद्धा लागली,
आणि बाहेर चाळीस यंत्रांची खटखट
चहाची वेळ नसताना थांबली.

भिंतीवर नोटीस आहे, लॅमिनेट केलेली:
कामाच्या जागी राजकीय व धार्मिक बोलण्यास सक्त मनाई.
तिच्याच वर मेव्हण्यांचं कॅलेंडर, हात जोडलेले.
श्रावणात भट्टीशेजारी सत्यनारायण होतो,
त्याची हजेरी मीच घेतो.
हे बोलणं धरत नाहीत.

आनामारीला विचारलं, तुम्ही ऐकलंत?
ती म्हणाली, "ऐकलंय. पण माका एक सांगा.
यंत्राक पाय लावच्या आधी
मी कपाळाक, छातीक, खांद्यांक बोट लावतंय.
ता बोलणा काय?"
"तुमच्यावर आरोप नाही, बाई."
"नाय, विचारून ठेवतंय."
हेही मी टाइप केलं. कुणी थांबव म्हणालं नाही.

जेवणाच्या सुट्टीत युनियनचा पोरगा सांगून गेला होता,
बोलायचा हक्क घटनेत आहे, पण
तो सरकारपुढे चालतो की शेठपुढेही,
यावर मोठ्या कोर्टातही एकमत नाही.
तेच भांडायचं आहे. कोल्हापूरला, कामगार न्यायालयात.
पहाटेची आंबोलीमार्गे एसटी, तिकिटाचे पैसे तिचे,
खाडा तिचा.

प्रयागा सगळा वेळ गप्प.
हात मांडीवर, चिकाने नखांपर्यंत काळे.
गेटवरच्या मशीनला तिचा अंगठा कळत नाही,
म्हणून तिची हजेरी मी हाताने लिहितो, अकरा वर्षं.
मतदानाला शाई लावणारा पोरगाही अडखळला होता,
काळ्यावर काळी कुठे लावायची.
"लाव खंय तरी," ती म्हणाली होती म्हणे,
"माका ठावक आसा ना."

शेवटी जबाब वाचायला दिला. प्रत मागायचा तिला हक्क आहे,
तो तिने मागितला.
सावकाश वाचलं, ओठ हलवत,
आणि एका ओळीवर बोट ठेवलं.
"ह्या मी नाय बोललंय."
नाबर खुर्चीत पुढे सरकले. चेहरा उजळला.
मी वाकून बघितलं.
सवयीने मी लिहून बसलो होतो:
काजू तुमचे, हात माझे, मत माझं.

"माजा," ती म्हणाली. "मत माजा. तसाच लिवा."

वकिलांनी मान डोलावली. शब्दशः असतं.
मी पुन्हा टाइप केलं, पुन्हा छापलं,
तिने सही केली, प्रत घडी घालून
सोड्यांच्या रिकाम्या पिशवीत ठेवली.

पहिला कागद फाडायचा होता.
त्यावर 'माझं'च्या बरोबर खाली
तिच्या बोटाचा तपकिरी डाग पडलाय, रेघाबिघा नसलेला.
तो माझ्या खणात आहे, हजेरीपटाखाली.
नाबरांनी विचारलं, फाडलास?
मी हो म्हणालो.