कृपया बसू नये

नदी कोऱ्या चहाच्या रंगाची. होडीतून उतरल्यावर
चिखलात फळ्या टाकलेल्या, त्यांवरून
एकामागे एक तीस पोरं, दोन मास्तरणी,
आणि सर्वांत मागे मी, तिकिटापुरता पाहुणा.

घराचं नाव झोंडर झोर्ग. म्हणजे काळजीविना.
नाव ठेवणाऱ्याला नव्हतीच काळजी,
ती करायला मागच्या झोपड्यांत माणसं होती.
पांढरं लाकूड, हिरव्या झडपा,
पायऱ्यांच्या विटा हॉलंडहून जहाजाच्या पोटात आलेल्या,
येताना वजन हवं म्हणून.
जाताना साखर असायची.

लुडविना ब्राफहाइत दारात उभी होती,
किल्ल्या कमरेला, चष्मा केसांत.
"आडनावाचा अर्थ आज्ञाधारकपणा," तिनं पोरांना सांगितलं.
"गुलामी संपली त्या साली एका कारकुनानं
रांग लावून आडनावं वाटली. आमच्या वाट्याला हे.
त्याची जेवायची वेळ झाली असणार."
कुणी हसलं नाही. तीच थोडी हसली,
रोज याच पायरीवर हसत असावी तशी.

जेवणघर. निळ्या ताटल्या.
त्यांवरच्या पवनचक्क्या इथे कुणीच पाहिल्या नव्हत्या,
पुसल्या मात्र रोज.

मग काचेखालची हिशेबाची वही,
वर्षानुवर्षं एकाच पानावर उघडी:
तांब्याच्या कढया, तीन.
खेचर, एक, लंगडं.
आफिबा, धुणारी, वय अदमासे वीस.
मध्ये रेघ नाही. शाईसुद्धा कुठे फिकी नाही,
टाक एकदाच बुडवला असेल.

"खेचराचं नाव काय होतं?" एका मुलीनं विचारलं.
मास्तरणीनं तिला डोळ्यांनी दटावलं.
लुडविनानं चष्मा खाली ओढला,
पान खरंच वाचलं, पुन्हा एकदा,
जणू मधल्या काळात कुणी काही भरलं असेल.
"लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं कुणीतरी."

दिवाणखान्यात खुर्ची. उंच पाठ, सिंहाचे पंजे,
समोर लाल दोरी, दोरीवर पाटी.
"माझी आई इथे इस्त्री करायची,
शेवटचे मालक होते तेव्हा.
मी अकरा वर्षांची. हे पंजे माझ्याकडे,
बोटाबोटांतली धूळ काडीनं काढायची.
तेव्हा दोरी नव्हती."
हे तिनं हवेबद्दल बोलावं तसं सांगितलं
आणि घड्याळाकडे वळली, ते डच बनावटीचं आहे म्हणून.

तेवढ्यात बाहेर कुणी चिखलात पडलं,
मास्तरणी धावल्या, पोरं झडपांना चिकटली,
आणि गिआनो नावाचा एक किडकिडा मुलगा
दोरीखालून गेला, गुडघा टेकून चढला
आणि बसला.
पाय जमिनीपासून वीतभर वर.

तिनं पाहिलं. मी पाहिलं की तिनं पाहिलं.
आणि ती खिडकीशी जाऊन नदी बघायला लागली,
आजच वाहायला लागल्यासारखी.
मग किल्ल्या मोजल्या. अकरा असाव्यात.
पुन्हा मोजल्या, उलट्या बाजूनं.

गिआनोनं दोन्ही हात हातांवर ठेवले, लाकडाच्या.
त्याला काय वाटत होतं कुणास ठाऊक,
चेहऱ्यावर तर राजाबिजा काही दिसेना.
थोडा चुळबुळला.
"यात काहीतरी टोचतं."

"घोड्याचे केस," ती न वळता म्हणाली.
"आतून सगळी तशीच भरलेली.
हं, ऊठ आता. बाई येतील."

पोरं वरच्या मजल्यावर गेली, जिना कुरकुरला.
गादीच्या कडेवर गुडघ्याएवढा चिखल उरला होता,
ओला, नदीच्याच रंगाचा.
लुडविनानं पदराआडून नव्हे, पट्ट्यातून फडकं काढलं,
वाकली,
आणि दोरीची गाठ तेवढी पुसून सरळ झाली.

साडेचारला घर बंद होतं.
माझी होडी चारची होती.