दिव्याविना सायकल

डोरीन हॉवर्थनं बिस्किटांचा डबा फिरवला.
आत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या,
स्मारकावरची नावं, प्रत्येकानं एक उचलायचं.
कुणाला आजोबांचा भाऊ निघाला,
कुणाला शेजारच्या बेकरीवाल्यांचा पोरगा.
मला: एस. ऑर्मरॉड.
माझ्या ना नात्याचा ना गोत्याचा,
आणि आता कुणाच्याच नाही.
बदलून देऊ का, डोरीन म्हणाली.
मी चिठ्ठी बसच्या पासामागे सरकवली.

बत्तीस वर्षं मी या बेकप गावाचे कान तपासले.
मागांच्या खडखडाटात बहिऱ्या झालेल्या बाया,
समोरच्याचे ओठ वाचत हसणाऱ्या.
त्यांच्या कानांवर हेडफोन चढवून म्हणायचे,
अगदी बारीक आवाज आला तरी बटण दाबा.
आता ग्रंथालयाच्या तळघरात
फिल्मचं चाक हातानं फिरवत
मीच कान देऊन बसते.

एकोणीसशे एक : सेथ, वय सहा.
एकोणीसशे अकरा : सेथ, वय सोळा, सुती विणकर.
आईच्या नावापुढे, झालेली मुलं सात,
हयात तीन,
मृत चार.
बापाच्या हातचे आकडे.
चारावर शाई फुटलीय.

भरतीचा कागद पुढच्या युद्धातल्या आगीतून वाचलेला,
कडा तव्यावर राहिलेल्या भाकरीसारख्या.
उंची पाच फूट तीन.
दात वाईट.
हरवलेल्या मोज्यांचे पैसे पगारातून कापले.
डोळ्यांचा रंग लिहिला होता
तिथे भोक.

आणि मग एका शुक्रवारी, गावच्या वर्तमानपत्रात,
साबणाच्या जाहिरातीखाली, ऑक्टोबर तेरा :
दिव्याविना सायकल चालवली म्हणून
सेथ ऑर्मरॉड, अडीच शिलिंग दंड.
शिपाई म्हणतो, थांब म्हटलं तर थांबला नाही.
आरोपी म्हणतो,
'दिवा होता, साहेब. वाऱ्यानं गेला.'

मी बटण दाबलं.
वीस पेन्सात छापील प्रत आली, अजून गरम.

कुठे निघाला होता रात्रीचा, चढाच्या रस्त्यानं?
वर वीअर, एक चॅपेल, मेंढ्यांची कुंपणं,
आणि एखाद्या खिडकीत जागी कुणी...
नको. हे मी पदरचं घालतेय.
कागदावर एवढंच : अंधार, उतार की चढ तेही नाही,
आणि वारा.
तो मात्र अजून आहे.
काल माझ्या दोरीवरची चादर घेऊन गेला.

फेब्रुवारी सतरा, मेसोपोटेमिया.
आईला चार पौंड नऊ शिलिंग.

आमच्याकडे लढाईत मेलेल्याला म्हणतात, कामी आला.
डोरीनला समजावून सांगितलं.
कुणाच्या, तिनं विचारलं,
आणि बिस्किट चहात बुडवायचं विसरली.

माझ्या माहेरी, साताऱ्याकडे, चावडीच्या भिंतीत एक दगड आहे :
या गावातून एकोणचाळीस माणसे महायुद्धास गेली,
पैकी सहा कामी आली.
नाव एकाचंही नाही.
शाळेतून येताना त्यावर आम्ही पेन्सिलींना टोक काढायचो,
सहाच्या पोटात खाच पडलीय ती माझी असेल.
इथून पत्र टाकलं, त्या सहांत कुणी बसऱ्याकडे होतं का?
भाच्यानं फोटो पाठवला.
दगडाला नवा ऑइल पेंट. हिरवा.

नोव्हेंबरात प्रत्येकाला दहा मिनिटं.
मी उभी राहिले, चष्मा पुसला,
सेथचं वाक्य त्याच्या बोलीत म्हणायला गेले
तर मागच्या रांगेत कुणाचं तरी श्रवणयंत्र
बारीक शिटी घालू लागलं.
लोक वळून बघायला लागले. म्हातारा स्वतः मात्र
माझ्या ओठांकडे टक लावून.

कागद ठेवले. खाली उतरले.
त्याच्या कानामागे बोट घालून
ते नीट बसवून दिलं.
आता येतंय ऐकू?
त्यानं मान हलवली.

मग परत जाऊन, पहिल्यापासून :
सेथ, वय सहा.