इतर

नोव्हेंबरात औलूला दुपारी तीनलाच
खिडकी मिटते; उजेड म्हणून स्क्रीन उरते.
रोज अकरा लाख डाव येतात माझ्याकडे,
तीस-तीस पत्त्यांच्या जुड्या.
मी लिहिलेलं यंत्र पत्ते पिसत नाही,
पिसलेले निवडतं,
रानातून आणलेल्या बेऱ्यांतून
काड्या, पानं, मुंग्या वेगळ्या कराव्यात तसं.

हा धसमुसळा, सहाव्या खेळीआत निकाल लावणारा.
हा कंजूष, शेवटपर्यंत झाकली मूठ.
हा थडग्यांतून माणसं उठवतो,
आणि हा नुसता
समोरच्याचे पत्ते जाळत बसतो.
एकसष्ट नावं. अर्धी मीच ठेवली,
बारशाला कुणाला न बोलावता.

जे कुठेच बसत नाही त्याला उणे एक.
तक्त्यात त्याला म्हणतात ‘इतर’.
इतरांत असतात नवखे, पेंगुळलेले,
कीबोर्डवरून मांजर चालत गेलेले,
आणि एक जण,
रोज पहाटे तीन चाळीसला.

त्याच्या जुडीला ना शेंडा ना बुडखा.
नऊ किमतीच्या राक्षसाशेजारी एक किमतीचा पाववाला.
चारशे बारा डाव, एकोणतीस विजय.
प्रत्येक गटापासूनचं अंतर मोजलं:
सगळ्यांपासून सारखाच लांब.
‘बॉट असेल, काढून टाक,’ तुओमो म्हणाला.
बॉट इतक्या चिकाटीने हरत नाही, मी म्हटलं.

माझ्याकडे रकाने आहेत:
किंमत, हल्ला, प्राण, जात, दुर्मिळता.
चित्राचा रकाना नाही.
चित्राने कुणी मरत नाही, म्हणून.

एका रात्री तिसांचे तीस पत्ते पसरून बसले,
कॉफीवर साय धरलेली.
लोहाराच्या भात्यामागे,
राणीच्या मिरवणुकीत कडेला अर्धी शेपटी,
पाववाल्याच्या मेजाखाली,
राक्षसाच्या टाचेशी निवांत झोपलेला
एक कुत्रा.
तपकिरी. डावा कान पडलेला.
तीसही ठिकाणी तोच.

हिल्का रौतियो नावाची चित्रकार इथे होती म्हणे,
तिसऱ्या वर्षी सोडून गेली. तिच्या टेबलाशी
आता प्रिंटर आहे.
तुओमोने चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं,
आणि बराच वेळ
बैठकीला उशीर होतोय हे विसरला.

पत्त्यांवरून मी माणसाचा पत्ता शोधत होते,
आणि तो आपला कुत्र्यामागून चाललेला.

जानेवारीत दुसरा उगवला, वाल्पराइसोहून.
मग घरच्या खात्यावरून मीही ती जुडी बांधली.
ओळीने आठ डाव हरले.
नववाही हरले, पण जरा रमत-गमत.
म्हणजे तीन.

गट व्हायला किमान पाच लागतात.
नियम माझाच; एक आकडा आहे,
खोडून तीन करायला श्वासभर वेळ पुरे.
केला नाही.
फक्त हल्ली सकाळी सगळ्यांत आधी
‘इतर’ उघडते.

काल चौथा आला.
त्याच्याकडे एकोणतीस पत्त्यांत कुत्रा आहे.
तिसावा आहे ‘धुक्यातला पूल’.
आमच्या कुणाच्याच जुडीत नव्हता.
नुसता पूल. कठडा. धुकं.
मघापासून तो मोठा करून बघतेय,
पलीकडच्या टोकाला, खाली,
जिथे पांढरा रंग
किंचित कमी पांढरा आहे.