जुलै

जालन्याच्या एका बियाणं कंपनीनं
हॉलंडची कॅलेंडरं वाटली त्या वर्षी.
पैठणला खाजामियाँ पेंटरच्या दुकानात जुलै लागला
तो बारा वर्षं हललाच नाही.

जुलैत तीन बोटी. शिडं कांद्याच्या सालीसारखी,
पाणी हॉटेलातल्या चहाच्या रंगाचं.
खाली बारीक अक्षरं : याकोब टेर हॉर्स्ट.
बाप दोरखंड वळायचा,
पोरगा धक्क्यावर बसून गलबतं काढायचा,
पाववाल्याची उधारी चित्रं देऊन फेडायचा.
मी नववीत. डिक्शनरी लावून एवढंच लागलं.
"याकूबभाई," खाजामियाँ म्हणाले,
"अपनाच आदमी है."
समोरच्या भेळवाल्याची पाटी त्यांनी तशीच रंगवली होती.

समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. मीही नाही.
डबल सीट जायचो नाथसागरावर.
भिंतीवर उकिडवे बसून, एक डोळा मिटून
ते आडवी बोटं धरायचे हवेत.
"दो उंगली जमीन. बाकी पूरा आसमान.
याकूबभाई के गाँव में बी येइच हिसाब."

मग ट्रॉलीच्या फाळक्यावर, साडी सेंटरच्या बोर्डावर,
फवारणीच्या औषधाच्या जाहिरातीत
कोपऱ्यात एक बोट यायला लागली, नखाएवढी.
गिऱ्हाईक चिडायचं. हे काय मधेच?
"सही है मेरी."

भूगोलाच्या सरांनी सांगितलं,
त्या देशात समुद्र हटवून जमीन काढतात,
तळावर गायी चरतात.
मी धावत येऊन सांगितलं.
खाजामियाँ घासलेटात ब्रश धूत होते.
धूतच राहिले.
मला तेव्हा माहीत नव्हतं,
दुकानाची चौकट बैलगाडीतून आली होती,
धरणात गेलेल्या घराची.

एका मे महिन्यात पाणी फार मागं सरलं.
गाळाला भेगा, शिंपले, कुणाच्या तरी जात्याची तळी.
ते पावलं मोजत चालले, थांबले.
"यहाँ चूल्हा था."
बसले तिथंच, बोटं न धरता.
येताना चप्पल हातात होती त्यांच्या,
गाळ वाळेपर्यंत त्यांनी पाय धुतले नाहीत.

ते गेल्यावर दुकान रिकामं करताना
कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. पहिल्यांदाच पान उलटलं.
ऑगस्ट.
सपाट कुरण, चार गायी,
लांब एक घर, धुराड्यातून धूर.
मी बोटं धरून पाहिली.
दोनच.

पान परत फिरवलं. आता माझ्याकडे
जुलैच आहे.