गाडी हलते कशी

नववीचा पहिलाच धडा. पंख्याचं एक पातं वाकडं,
दर फेरीला कुरकुरणारं.
मी सवयीनं तिसरा नियम फळ्यावर लिहिला :
क्रिया बल, प्रतिक्रिया बल,
सारखी, उलट दिशेची, एकाच वेळी.
मागच्या बाकावरून श्रावस्ती गांगुर्डे उभी राहिली.

"बाई, दोन्ही सारखी आणि उलट,
म्हणजे बेरीज शून्य.
मग जगात काही हलतंच कसं?"

वर्ग हसला.
मी बावीस वर्षं हा धडा शिकवते,
आणि हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता,
हे तिला सांगितलं नाही.
"उद्या," म्हटलं. आमच्या धंद्यातलं जुनं औषध.

उत्तर पुस्तकात होतं, दीड ओळीत :
ही बलं दोन वेगळ्या वस्तूंवर असतात.
पाठ होतं. पटलेलं नव्हतं.
संध्याकाळी पेठरोडला स्कूटी लावली,
बाजार समितीत, मेथी घ्यायचं निमित्त काढून.

पालेभाजीचा लिलाव उलगत आलेला.
कोथिंबिरीचा पाला तुडवून तुडवून
जमिनीवर हिरवं बुळबुळीत सारवण.
केरूअण्णा हमाल, डोक्याला पंचा,
हातगाडीवर कोबीच्या बारा गोण्या.
रेटतात, तर गाडी ढिम्म,
उलट चप्पलच मागे सरकते.
अण्णांनी शिवी हासडली,
गाडीला नाही, जमिनीला.
मनात म्हटलं, यांना गुन्हेगार बरोबर सापडला.

कुणीतरी घमेलंभर मुरूम आणून
पायाखाली पसरला.
अण्णांनी चप्पल काढली, बोटं रुतवली, वाकले.
गाडी निघाली.

मेथीची जुडी हातात धरून मी तिथंच उभी.
गाडीच्या वहीत दोनच नोंदी :
अण्णांचा रेटा, चाकांचा अडेलपणा.
रेटा वरचढ, म्हणून ती पुढे.
गाडीनंही अण्णांना मागे रेटलं, तितकंच, तसूभर कमी नाही,
पण ती नोंद अण्णांच्या वहीत.
आणि तिथं दुसऱ्या बाजूला जमीन उभी होती :
पायानं तिला मागे लोटलं, तिनं अण्णांना पुढे.
मघाशी ती हात द्यायला तयार नव्हती, एवढंच.

श्रावस्तीनं एकाची जमा
दुसऱ्याच्या खर्चातून वजा केली होती.
बावीस वर्षं मीही केली असती,
कुणी वही उघडायला लावली नाही म्हणून निभावलं.

फाटकाशी खड्डा आला.
गाडी खाडकन थांबली, वरची गोणी थांबली नाही.
कोबी गडगडत थेट माझ्या स्कूटीपर्यंत.
पहिला नियम असा सर्वांत शेवटी आला,
स्वभावाला धरूनच, जडपणानं.
मोकळी गाडी मग अण्णांच्या नातवानं
एका हातानं पळवत नेली.
बल थोडं, वस्तुमान त्याहून थोडं, त्वरण बघण्यासारखं.
दुसरा नियम शीळ घालत गेला.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात साबणाचं पाणी ओतलं.
दामूकाका शिपाई दोन तास बोलले नाहीत माझ्याशी.
"श्रावस्ती, हा बाक ढकल."
मोज्यांवर ढकलला. ती मागे घसरली, बाक हसत जागेवर.
"आता मोजे काढ, कोरड्या फरशीवर ये."
बाक करकरत दारापर्यंत गेला.

पोरं टाळ्या वाजवत होती.
ती वाकून स्वतःच्या तळव्यांकडे बघत होती,
पहिल्यांदाच भेटल्यासारखी.

"म्हणजे बाई, मी फरशीला मागे ढकललं."
"हो."
"फरशी इमारतीला चिकटलेली, इमारत जमिनीला."
"हो."
"मग नाशिक मागे सरकलं?"

फळ्यावर पृथ्वीचं वस्तुमान लिहिलं,
शून्यं लिहिता लिहिता खडू संपला.
"सरकलं," म्हटलं. "मोजता येणार नाही इतकं.
नाशिक एकटं नाही, सगळी पृथ्वी.
आणि तू थांबलीस, तेव्हा ती परत आली."

शाळा सुटली. एरवी दोन दोन पायऱ्या गाळणारी ती,
त्या दिवशी जिना
जरा जपून उतरली.