बिरड्याचा सण

सण म्हणतात याला आमच्यात,
आणि बसायचं असतं रडायला.

तीन दिवस आधी भिजवले वाल, कडवे.
फडक्यात बांधले, मोड आले,
आता कोमट पाण्यात सोलते आहे.
चिमटीत धरलं की साल सुटते,
आत डाळिंबी, उघडी,
थंडी वाजावी तशी पांढरी.

यमुना नाखवीण केळीची पानं ठेवून गेली ओट्यावर.
तिला तिथी पाठ आहे: शुद्ध नवमी.
"तुमचं देऊळ पडलं तो दिवस ना, मिल्का?"
हो म्हटलं.
"कुठलं गं, चौलचं?"
नाही. लांबचं. खूप लांबचं.
ती थोडी उभी राहिली,
मयताच्या घरी राहतात तशी,
आणि 'येते' न म्हणता गेली.

दिवस असेतो जेवलो, जमिनीवर.
पानं दोन. माझं आणि हन्नोखमामाचं.
उरलेली गुंडाळून ठेवली,
का, ते मलाही सांगता येणार नाही.

मशीदच म्हणतो आम्ही आमच्या प्रार्थनाघराला,
रेवदंड्यात सगळ्यांना ठाऊक आहे कुठली ते.
हेखालाचा पडदा उतरवलेला,
लाकडी दारं बोडकी.
एक बत्ती. अनवाणी पाय.
बायकांच्या बाजूने मी मोजले: पुरुष सात.
दहा लागतात.
दहांवाचून जे म्हणता येत नाही
ते गिळलं सगळ्यांनी.

मग मामा उभा राहिला
देऊळ पडून किती वर्षं झाली ते सांगायला.
रीतच आहे ती. आकडा हजारांतला,
दरवर्षी एकाने वाढणारा.
मामाचे ओठ हलले, थांबले,
आणि तो म्हणाला, "अकरा."

कुणी दुरुस्त केलं नाही.
अकरा वर्षांपूर्वी आमचा दहावा,
सिम्योन वाक्रूळकर,
पत्र्याची ट्रंक घेऊन पेणच्या एसटीत चढला होता.

रात्री त्याचा फोन, दिमोनाहून.
सलाम नाही, शलोम नाही, आज करत नाहीत.
"उद्या येरुशलेमला चाललोय. गर्दी असते फार."
मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"बिरडं केलंस?
इथले वाल कडू नसतात गं."

उशी न घेता आडवी झाले.
खाली पुळणीवर होड्या शाकारलेल्या,
पुनवेला नारळ पडला की सुटतील.
त्यांना तारीख आहे.

पातेल्यात सालं तरंगतायत तशीच.
उद्या टाकीन.
नाही, उद्या पाण्याला हात लावायचा नसतो.
परवा.